अण्णा-माईंचं प्रकरण दुसरं: सांगलीतली नवरा-बायकोची रहस्यकथा अडकलीय, हात द्या

हळदकुंकू
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहायला घेतलीय आणि दुसऱ्याच प्रकरणात चाक रुतलंय. रक्त, सुरा, अंधाऱ्या रात्री धो-धो पाऊस यातलं काही नाही. चहा पिता पिता वाचावी अशी गल्लीतली गोष्ट आहे. शोध लावतात ते नवरा-बायको. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात पस्तीस वर्षं दिवाणजी होते, आता घरी. माई नदीकाठच्या गावभागातल्या अर्ध्या बायकांची भिशी चालवतात. दोघंही साठीच्या पुढची. (आमचे 'हे'सुद्धा दिवाणजीच होते, त्यामुळे यार्डाची माहिती घरबसल्या मिळते. २०१६ला तंबाखू सोडल्यापासून तोंड मोकळं असल्यामुळे बोलतातही जास्त.)

प्रकरण असं. शेजारच्या वाड्यात काकू एकट्या राहतात. काका जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. हरिपूरला काकांची दहा गुंठे जागा आहे, तिच्यात हळदीची जुनी पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे. पुतण्या साफसफाईला म्हणून येतो आणि काकांच्या मेजाच्या खालच्या खणातून एक कागद काढतो. काकांनी २००३ मध्ये लिहून दिलंय की तुझ्याकडून चार लाख घेतले, नाही फेडले तर जागा तुझी. काकूंचं तोंडच मिटतं.

माझा पुरावा तयार आहे: २०१९चा पूर. गावभागात तळमजल्यावरच्या खणातला कागद कोरडा ठणठणीत कसा? माई हा प्रश्न विचारतात आणि पुतण्या चपापतो. पण मग गोष्ट आठ पानांतच संपते. काय करू?

भडंगवाला
ताई, आठ पानं पण जास्तच झाली की वो. हे सांगलीतलं शेंबडं पोरगं ओळखंल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटाला धोक्याची पातळी, त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटावर गेलं होतं. आमच्याकडं कुणी जुना कागद दाखवला की पयला प्रश्न हाच: ह्यानं पूर बगितलाय का? पुतण्या सांगलीचाच ना? मग तो येवडा येडा न्हवं.

सातारचा_पेन्शनर
कथा साताऱ्यात आणा. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनरांना दुसरं कामच नसतं, गावात कोण कुठल्या रिक्षात बसलं याची नोंद त्यांच्याकडे असते. शिवाय कंदी पेढे. अशा कथेत खायला काहीतरी लागतंच.

भडंगवाला
खायला आमच्याकडं भडंग हाय. आणि नदीत मगरी हायत. तुमच्या किल्ल्यावर काय हाय?

हळदकुंकू
मगर घेणार नाही, आधीच सांगते. भडंगवाले, तुमचं बरोबर आहे. पुतण्या शहाणा करायला हवा. म्हणजे तो कागद आधीच नदीच्या गाळात बुडवून, वाळवून आणेल. मग माझा पुरावाच गेला!

काळा_कोट
गाळाचं नंतर बघू. मुळात तुमचा कागदच लंगडा आहे. २००३च्या उसन्या पैशांची चिठ्ठी आज घेऊन आलात तर कुठलाही वकील हसेल, मुदतीच्या कायद्यात पैशाच्या दाव्याला तीन वर्षं. आणि 'नाही फेडले तर जागा तुझी' एवढ्या ओळीने स्थावर मिळकत कुणाच्या नावावर होत नाही, त्याला नोंदणी लागते.

मृत्युपत्र करा. साध्या कोऱ्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. दोन्ही साक्षीदार वारलेले दाखवा. 'माझ्यामागे हरिपूरची जागा पुतण्यास द्यावी' एवढं एकच वाक्य. खोटं मृत्युपत्र हा या कथाप्रकाराला शोभेलसा गुन्हा आहे. कुणी मरत नाही, आणि तरी घरातलं सगळं हलतं.

हळदकुंकू
वा! लगेच बदलते. चार लाख रद्द.

पुणेरी_टाचणी
मृत्युपत्रात रुपयाचं नवं चिन्ह घाला. ते २०१०मध्ये आलं. २००३च्या कागदावर दिसलं की खेळ खलास.

काळा_कोट
पैसेच उरले नाहीत तर रुपया कुठला? आणि ते कोडं आता व्हॉट्सॲपवर सातवीतली मुलं सोडवतात.

विट्याची_सून
मला मूळ प्रश्न वेगळा पडलाय. नवरा-बायकोच कशाला? माई एकट्यानेच सोडवू शकतात. मी इंग्रजीतल्या अशा बऱ्याच जोड्या वाचल्यात. पुष्कळदा बायको खमंग बोलते, नवरा गाडी चालवतो. किंवा नवरा हुशार आणि बायको 'अय्या, म्हणजे खुनी तोच?' म्हणायला. अगाथा ख्रिस्तीची टॉमी-टपेन्स मात्र मला आवडतात, कारण १९२२ला विशीतली असलेली ती दोघं १९७३च्या शेवटच्या पुस्तकापर्यंत खरोखर म्हातारी होत जातात. पण तिथेही प्रश्न तोच: दोघं एकच गोष्ट शोधणार असतील तर दुसरा माणूस कशाला?

हळदकुंकू
हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या प्रकरणात अण्णा फक्त दार उघडतात आणि पिशवी धरतात.

दिवाणजी
पहिलं प्रकरण मी वाचलं आहे. अण्णांना एकूण चार वाक्यं आहेत. त्यातलं एक 'हं'.

हळदकुंकू
मंडळी, हेच आमचे ते. यांना इथे खातं उघडून कुणी दिलं?

दिवाणजी
नातवानं. दुसरं प्रकरण घरी वाचायला मिळत नव्हतं म्हणून इथं आलो.

विट्याच्या ताईंनी विचारलं त्याचं उत्तर मला यार्डात मिळालेलं आहे. पूर्वीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. अडत्या आणि खरेदीदार हात रुमालाखाली घालून बोटं दाबत, त्यावरून भाव ठरे. वरून दोघांचे चेहरे देवळातल्यासारखे, हवापाण्याच्या गप्पा चालू. पुढं ती पद्धत बंद झाली, सौदे उघड बोलीनं व्हायला लागले, शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पण अण्णांना ती बोटांची भाषा येत असणार. त्यांनी ती माईंना शिकवली असेल तर? लग्नाच्या पंगतीत दोघं शेजारी बसलेत. समोरचा थाप मारतो. शालीखाली माईंच्या मनगटावर एक बोट. बास.

रसायनवाली
दिवाणजी, पूर्ण धाग्यातलं हे सगळ्यात भारी. हळदकुंकूताई, नाही घेतलंत तर मी चोरणार.

हळदकुंकू
घेते हो. पस्तीस वर्षांच्या संसारात मला ही भाषा कधी शिकवली नाहीत ते बघा.

रसायनवाली
मी मिरजेत शाळेत विज्ञान शिकवते. तुमचं नाव हळदीकुंकवाचं, कथा हळदीच्या गावची, २०१८ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि पुरावा मात्र गाळाचा? हळदीचाच वापरा की.

दोन गोष्टी आहेत. एक, हळदीचा डाग उन्हात उडतो. आपल्या आया सांगत आल्यात, पातळावर वरण सांडलं तर धुवून उन्हात टाक. त्यातलं पिवळं द्रव्य प्रकाशात टिकत नाही. दोन, हळदीला चुना, साबण, सोडा असं काही अल्कधर्मी लागलं की ती लाल होते. लिंबू पिळलं की परत पिवळी. सहावी-सातवीच्या मुलांना हळदीचा कागद करून हाच प्रयोग दाखवतो.

आता जुळवा तुम्ही.

हळदकुंकू
थांबा थांबा. जुळवतेय.

काका दिवाळीत चोपडीपूजन करायचे. पुतण्या म्हणतो, मृत्युपत्र २००३च्या लक्ष्मीपूजनाला चोपडीबरोबर पूजेत ठेवलं होतं, हे बघा त्यावर हळदीकुंकवाचं बोट. म्हणजे कागद खरा वाटावा म्हणून त्यानेच लावलेलं. मग २०१९ला पूर येतो, कागद भिजतो (गाळ हा इथे). पुढे तो म्हणतो की पुरानंतर काकूंच्या सगळ्या चोपड्या आणि खणातले कागद मीच गच्चीवर उन्हात वाळवले, तेव्हा वाचून बघितले नाहीत, गठ्ठा बांधून परत खणात ठेवला.

आणि हळदीचं बोट पिवळंजर्द!

भडंगवाला
आता कसं! चार दिवस उन्हात पडलेल्या कागदावर हळद ऱ्हायलीच कशी?

पुणेरी_टाचणी
ऑगस्टमध्ये ऊन?

भडंगवाला
पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत एक गच्ची मोकळी न्हवती. गाद्या, लग्नाचे अल्बम, पोरांची सर्टिफिकिटं, एकाची तर पेटी वाळत घातली होती, पट्ट्या फुगलेल्या. ऊन बगायला तुम्ही न्हवता, आमी होतो.

पुणेरी_टाचणी
मागे घेतो.

हळदकुंकू
आम्हीही घातले होते. सासऱ्यांच्या वह्यांची पानं एकेक सोडवत मी चार दिवस गच्चीवर बसले होते. काही पानं उलगडलीच नाहीत, तशीच विसर्जन केली. हा प्रसंग कथेत घेईन, पण माईंच्या तोंडी नाही. तो काकूंच्या तोंडी हवा.

विट्याची_सून
एक खटकलं. काकू विधवा. माईंची आणि त्यांची गाठ कुठे पडते? भिशीत असतील, पण हळदीकुंकवाला अजूनही कितीतरी घरांत बोलवत नाहीत. शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, गाजलाही खूप. पण ठराव ग्रामपंचायतीत होतो, आमंत्रण ओट्यावरून जातं. माई काकूंना बोलावणाऱ्या गल्लीतल्या एकट्याच असतील तर? काकू जे कुणाला सांगत नाहीत ते माईंना सांगतील, आणि त्याचं कारण वाचकाला न सांगता कळेल.

हळदकुंकू
मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटं बसून राहिले. घेतलं.

रसायनवाली
आता कुंकवाकडे या. पुतण्याने बोट हळदीचं लावलं, ते पिवळं. मग लाल कुठून? कुंकू वेगळं लावलं म्हणता तर मजा गेली. त्याने हळदच लावली आणि अंगठ्याला चुना होता तर? तंबाखू खाणारा आहे. अर्धं बोट पिवळं, अर्धं लाल. सगळे समजतात हळद आणि कुंकू. त्यालाही वाटतं, बरं झालं, कुंकवासारखंच दिसतंय.

भडंगवाला
आयला. म्हंजे त्याच्याच अंगठ्यानं त्याला लावलं कुंकू.

सातारचा_पेन्शनर
माईंनी भर बैठकीत त्यावर लिंबू पिळावं. लाल पिवळं झालं की टाळ्या.

काळा_कोट
अजिबात नाही! वादातल्या मूळ कागदावर लिंबू पिळणारी बाई मी साक्षीदार म्हणून उभी करणार नाही. पुरावा खराब केला म्हणून तीच गोत्यात यायची. प्रयोग करायचाच तर दुसऱ्या कागदावर करा. मूळ कागदाला कुणी हात लावायचा नाही, तो कोर्टात जाईल तेव्हा तज्ज्ञ बघतील.

पुणेरी_टाचणी
शिवाय पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीपासूनच होतं. चुना घालून केलेलं असेल तर तेही लिंबाने पिवळं होईल. पुतण्याचा वकील म्हणेल, ते जुन्या पद्धतीचं घरचं कुंकू होतं. मग काय सिद्ध झालं?

रसायनवाली
टाचणी बरोबर टोचली. लिंबू सोडा. याच्याहून चांगलं आहे. ओल्या चुन्याने आलेली ती लाली टिकाऊ नाही. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हळूहळू खडूसारखा होत जातो, त्याचा जोर जातो. हळदीचं द्रव्यही अल्कधर्मी ओलाव्यात लवकर खराब होतं. लाल डाग मळकट तपकिरी-पिवळा पडत जातो. वीस वर्षांपूर्वी लावलेलं, पुरात भिजलेलं, उन्हात वाळलेलं बोट असं ताजं लाल-पिवळं दिसणारच नाही. माईंनी फक्त एक करायचं. तसाच कागद घ्यायचा, तसंच बोट उमटवायचं, गच्चीवर वाळत टाकायचं आणि चार दिवसांनी बैठकीत शेजारी ठेवायचं. एक शब्द न बोलता.

हळदकुंकू
माझ्या अंगावर काटा आला. पण आता परत विट्याच्या ताईंचा प्रश्न. हे सगळं माईंनीच केलं. अण्णा?

दिवाणजी
चुना.

हळदकुंकू
म्हणजे?

दिवाणजी
डागात चुना आहे एवढं माईंना कळेल. पण तो पुतण्याचाच कशावरून? गल्लीत पान खाणारे शंभर आहेत. माईंच्या भिशीत पुतण्याची बायको आहे असं धरा. ती अभिमानानं सांगते की आमच्या ह्यांनी दोन वर्षांपूर्वी तंबाखू सोडली, देवापुढं शपथ घेतली. म्हणजे माईंच्या हिशोबात पुतण्या वगळला गेला. त्या भलत्याच माणसाच्या मागं लागतील. आणि अण्णांना कट्ट्यावर माहीत आहे की तो रोज संध्याकाळी आयर्विन पुलाकडच्या टपरीवर मळून घेतो. यात सांगण्यासारखं काही आहे असं अण्णांना वाटतच नाही. पुरुष मंडळीत अशा गोष्टी बायकोपर्यंत न्यायच्या नसतात, तो एक रिवाजच आहे.

अंगठ्याचंही नीट लिहा. तंबाखू डाव्या तळहातावर घेतात, नखावर चुना घेऊन तिच्यावर सोडतात आणि उजव्या अंगठ्यानं मळतात. म्हणून चुना उजव्या अंगठ्याच्या उशाला, थोडा बाहेरच्या कडेला राहतो. धोतराला किंवा पँटला पुसला तरी नखाच्या कोपऱ्यात तासभर तरी असतो. डबीतला चुना ओला ठेवायला दोन-तीन दिवसांनी पाण्याचा थेंब घालावा लागतो. त्यामुळं लाल भाग बोटाच्या मधोमध नको, कडेला चंद्रकोरीसारखा हवा. अण्णा तो आकार बघूनच ओळखतील.

विट्याची_सून
दिवाणजी!! मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बायकोकडे अर्धी बातमी, नवऱ्याकडे अर्धी. गावात दोन्ही अर्धी एका छपराखाली असलेलं घर एकच. आणि तिथेही ती एकमेकांना सांगितलेली नाहीत. गोष्टीत उशीर होतो तो त्यामुळे. पुतण्या हुशार असायची गरजच नाही.

रसायनवाली
चंद्रकोर! शास्त्रात मला हे सुचलं नसतं.

हरिपूरकर
उशिरा आलो. पेवांबद्दल कुणी बोललं न्हाई म्हणून लिवतो. ताईंनी पहिल्या पोस्टीत पेवं नुसती जागेची शोभा म्हणून ठेवलीत, तसं करू नका. आमच्या गावाची ती ओळख हाय. आमच्याकडची माती अशी, की जमिनीत खोल खड्डा घेतला तरी आत ओल धरत न्हाई. वरचं तोंड एक माणूस कसाबसा उतरंल एवढंच, आत पोट मोठं, रांजणासारखं. दोन-तीन पुरुष खोल. हळद भरून तोंड बंद करून वर माती लिंपली की वर्षानुवर्षं तशीच राहायची, कीड न्हाई, वजनाला मार न्हाई. भाव येईल तवा काढायची. २००५च्या पुरात पाणी शिरून लई पेवं गेली, हळद पण गेली. आता गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजचा जमाना.

आता महत्त्वाचं. कथेत कुणी पेव उघडून लगेच आत उतरला असं लिवू नका. उतरला की मेला. बंद पेवात हवा नसते. तोंड उघडून बराच वेळ ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. जुनी माणसं यात घाई करत नव्हती. घाई करून उतरलेल्यांच्या गोष्टी आमच्याकडं पोरांना भ्या दाखवायला सांगतात.

हळदकुंकू
हरिपूरकर, शंभर नमस्कार. शेवटच्या प्रकरणात मी अण्णांना शिडी लावून सरळ आत उतरवलं होतं. तुम्ही त्यांचा जीव वाचवलात. पण आत काय असावं? पुतण्याला ती जागा एवढी का हवी, हे अजून ठरलेलं नाही.

हरिपूरकर
काही नको. रिकामं असू द्या. कंदील आत सोडला, तळ दिसला, बास. जागा रस्त्याला लागून असली की पेवात काय हाय ते कोण बघतंय. वर दुकानगाळे निघतात.

काळा_कोट
याच्याइतकं खरं कारण कुठल्याच रहस्यकथेत वाचलं नव्हतं.

सातारचा_पेन्शनर
मान्य. कथा सांगलीतच राहू द्या. पण अण्णा-माईंना दिवाळीच्या सुट्टीत एकदा साताऱ्याला पाठवा. पुढच्या वर्षीचं प्रकरण आमच्याकडे.

हळदकुंकू
ठरलं. दुसरं प्रकरण काल रात्री लिहून काढलं. बैठक काकूंच्या सोप्यावर. माई दोन कागद शेजारी ठेवतात. कुणीच बोलत नाही. पुतण्याची बायको त्या चंद्रकोरीकडे बघते, मग नवऱ्याच्या अंगठ्याकडे. तिला मृत्युपत्राशी काही देणंघेणं नाही, तिला शपथ आठवते. पहिला प्रश्न तीच विचारते. तिथे प्रकरण संपवलंय.

विट्याची_सून
अप्रतिम. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

पुणेरी_टाचणी
'सोप्यावर' की 'सोप्यात'?

भडंगवाला
टाचणी, तुमी जेवा आता.

हळदकुंकू
एक राहिलं. आज दुपारी दिवाणजींची पोस्ट परत वाचत होते, आकार नीट लिहावा म्हणून. 'नखाच्या कोपऱ्यात तासभर तरी असतो.' 'डबीतला चुना ओला ठेवायला दोन-तीन दिवसांनी पाण्याचा थेंब घालावा लागतो.'

२०१६ला सोडलेल्या माणसाला हे वर्तमानकाळात कसं लिहिता येतं?

रसायनवाली
अरे देवा.

काळा_कोट
दिवाणजी, उत्तर देण्याआधी वकिलाशी बोला.

भडंगवाला
दिवाणजी हायत का? हिरवा दिवा दिसतोय.

भडंगवाला
गेला दिवा.

हळदकुंकू
स्कूटरची डिकी उघडून आले. रेनकोटच्या घडीत डबी. चुना ओला आहे.

मंडळी, प्रकरण तिसरं मिळालं.